फॅनच्या खोक्यावरचा डेसिबल ज्याच्या नावाचा, त्या ग्रॅहॅम बेलची गोष्ट

घरात होम थिएटर बसवलं की पहिल्याच उन्हाळ्यात एक गोष्ट लक्षात येते. टीव्हीखालच्या कपाटात ठेवलेला ॲम्प्लिफायर किंवा एव्ही रिसीव्हर हात ठेववत नाही इतका तापतो. मग कोणीतरी सुचवतं, कपाटाच्या मागे छोटा फॅन लाव. आपण ऑनलाइन शोधायला बसतो, तर प्रत्येक फॅनच्या माहितीत एक आकडा दिसतो. १८ डीबी, २४ डीबी, ३२ डीबी. कमी आकडा म्हणजे कमी आवाज, एवढं कळतं. पण १८ आणि २४ मध्ये फरक किती? कानाला जाणवेल इतका, की नुसता कागदावरचा?

डीबी म्हणजे डेसिबल. गणपती आणि दिवाळी आली की हा शब्द रोज बातम्यांमध्ये असतो. इंग्रजीत लिहिताना यातला डी लहान लिपीत आणि बी मोठ्या लिपीत लिहितात. बी मोठा, कारण ते एका माणसाचं आडनाव आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. तोच तो, टेलिफोनवाला.

शाळेच्या पुस्तकात बेलबद्दल एक ओळ असते: टेलिफोनचा शोध लावला. पण त्या ओळीत एक गोष्ट राहून जाते. ज्याच्या नावाने आज जग आवाज मोजतं, त्याच्या आईला फार कमी ऐकू यायचं आणि बायकोला अजिबात ऐकू येत नव्हतं. आवाजाबद्दल बेलला जे काही कळलं, त्याची सुरुवात या दोघींपासून होते.

कपाळाजवळ बोलणारा मुलगा

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला. घराण्याचा धंदाच बोलण्याचा. आजोबा शुद्ध उच्चार शिकवायचे, वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल हेही तेच करायचे. वडिलांनी एक वेगळीच लिपी तयार केली होती. तोंडातून कोणताही आवाज काढताना जीभ, ओठ आणि घसा नेमके कुठे असतात, ते त्या लिपीतल्या खुणा दाखवायच्या. तिचं प्रात्यक्षिक म्हणजे मोठी करमणूक असायची. मुलाला खोलीबाहेर पाठवायचं, प्रेक्षकांनी हवे ते चित्रविचित्र आवाज काढायचे, वडिलांनी ते खुणांमध्ये लिहून घ्यायचे. मग मुलगा आत येऊन, न ऐकलेला तो आवाज कागदावरून वाचून जसाच्या तसा काढून दाखवायचा.

आई एलायझा चित्रकार होती आणि पियानोही छान वाजवायची, पण तिचं ऐकणं कमी होत गेलं होतं. तिच्याशी बोलायचं तर घरातले लोक कानाला लावायच्या नळीत मोठ्याने बोलायचे. घरात सगळे ज्याला ॲलेक म्हणायचे, त्या या मुलाने वेगळी युक्ती शोधली. तो आईच्या कपाळाजवळ तोंड न्यायचा आणि हळू, खर्जातल्या आवाजात बोलायचा. कंपनं हाडातून पोचतील असा त्याचा अंदाज होता आणि आईला त्याचं बोलणं कळायचं.

ही गोष्ट लक्षात ठेवा. आवाज फक्त हवेतून जात नाही, घन वस्तूतूनही जातो. फॅन लावताना पुढे याचाच उपयोग होणार आहे.

दोन भाऊ गेले

बेल कुटुंबात तीन मुलगे होते. धाकटा एडवर्ड १८६७ मध्ये क्षयाने गेला. थोरला मेलव्हिल १८७० मध्ये त्याच आजाराने गेला. उरलेल्या एका मुलाची तब्येतही ढासळू लागली, तेव्हा आईवडिलांनी सगळं आवरलं आणि १८७० मध्येच ते कॅनडात आले. ब्रँटफर्ड गावाजवळ त्यांनी घर घेतलं. मोकळ्या हवेत ॲलेक सावरला.

पुढच्याच वर्षी त्याला अमेरिकेत बॉस्टनला काम मिळालं. तिथल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत वडिलांची लिपी वापरून बोलायला शिकवायचं. मुलांना शब्द ऐकू येत नव्हते, पण तोंडाची हालचाल चित्रात पाहून ती आवाज काढू लागली. १८७३ मध्ये तो बॉस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाला. वय फक्त २६. दिवसा शिकवायचं आणि रात्री प्रयोग करायचे, असा त्याचा दिनक्रम पडला. रात्री जागून काम करायची ही सवय त्याला जन्मभर राहिली.

पुढे आयुष्यभर कोणी व्यवसाय विचारला की बेल स्वतःला कर्णबधिरांचा शिक्षक म्हणवून घ्यायचा. टेलिफोनने त्याला श्रीमंत केलं, पण ओळख त्याने ही निवडली.

मेलेल्या माणसाचा कान

विद्यार्थ्यांना स्वतःचा आवाज दिसावा, म्हणजे तो बरोबर आहे की नाही हे त्यांना पाहून कळेल, असं यंत्र बेलला हवं होतं. बॉस्टनमधले कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी त्याला सुचवलं की यंत्रात कानाची नक्कल कशाला, खरा कानच वापर. आणि त्यांनी एका मृत माणसाचा कान मिळवून दिला.

१८७४ च्या उन्हाळ्यात बेल तो कान घेऊन आईवडिलांकडे ब्रँटफर्डला गेला. कानातल्या छोट्या हाडाला त्याने गवताची काडी जोडली आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या काचेवर टेकवलं. कानात बोललं की पडदा थरथरायचा, हाडं हलायची आणि काचेवर नागमोडी रेघ उमटायची.

ते बघताना त्याच्या डोक्यात एक विचार आला. कानाचा पडदा कागदासारखा पातळ, आणि तरी तो त्याच्या मानाने कितीतरी जड हाडं हलवतो. मग जरा मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का नाही हलवणार? आणि लोखंड चुंबकापुढे हललं की तारेतली वीज त्याच आवाजाच्या चढउताराप्रमाणे कमीजास्त होईल. टेलिफोनची कल्पना इथे आकाराला आली. म्हणजे टेलिफोनच्या मुळाशी कर्णबधिर मुलांसाठी केलेला एक प्रयोग होता.

मेबल

बेलच्या विद्यार्थ्यांमध्ये मेबल हबर्ड नावाची एक मुलगी होती. पाचव्या वर्षी स्कार्लेट फीव्हरमध्ये तिचं ऐकणं पूर्ण गेलं होतं. ओठांवरून बोलणं ओळखण्यात ती इतकी तरबेज होती की नवख्या माणसाला पटकन कळायचंही नाही. तिचे वडील गार्डिनर हबर्ड हे पैसेवाले वकील. बेलच्या प्रयोगांना पैसे पुरवणाऱ्या दोघांपैकी ते एक. दुसरे थॉमस सँडर्स, तेही बेलच्या एका कर्णबधिर विद्यार्थ्याचे वडील.

बेलला मदत करायला थॉमस वॉटसन नावाचा हुशार कारागीर मिळाला. १४ फेब्रुवारी १८७६ ला बेलचा पेटंटचा अर्ज वॉशिंग्टनला दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे या दुसऱ्या संशोधकाचीही तशाच उपकरणाबद्दलची नोंद त्याच कार्यालयात आली. पहिला कोण, यावर पुढे वर्षानुवर्षं खटले चालले. पेटंट ७ मार्चला बेलला मिळालं आणि १८८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही बेलच्याच बाजूने निकाल दिला. तरी अभ्यासकांमध्ये हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

१० मार्च १८७६ ला बेलने यंत्रात बोलून दुसऱ्या खोलीतल्या वॉटसनला आपल्याकडे बोलावलं आणि वॉटसन धावत आला. टेलिफोनवरून गेलेलं ते पहिलं समजण्यासारखं वाक्य.

त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन होतं. बेलला जायचं नव्हतं, विद्यार्थ्यांच्या परीक्षा होत्या. असं सांगतात की मेबल त्याला काही न सांगता स्टेशनवर घेऊन गेली, हातात तिकीट ठेवलं आणि तो हुज्जत घालू लागताच तिने सरळ मान फिरवली. ओठ दिसले नाहीत की तिच्यासाठी बोलणंच संपलं. बिचारा गाडीत बसला. प्रदर्शनात ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो याने टेलिफोन कानाला लावला, थक्क झाला, आणि बेलचं नाव सगळीकडे झालं.

११ जुलै १८७७ ला दोघांचं लग्न झालं. दोनच दिवस आधी बेल टेलिफोन कंपनी स्थापन झाली होती. लग्नाची भेट म्हणून बेलने स्वतःकडे फक्त १० शेअर ठेवले आणि बाकीचे सगळे मेबलच्या नावावर केले. ज्या यंत्रामुळे ते घर श्रीमंत झालं, त्यातून घराच्या मालकिणीला एक शब्दही ऐकू येणार नव्हता.

किती ऐकू येतं, हे कसं मोजायचं?

टेलिफोननंतर बेल थांबला नाही. १८८० मध्ये फ्रान्स सरकारने त्याला व्होल्टा पुरस्कार दिला, ५० हजार फ्रँकचा. त्यातून त्याने वॉशिंग्टनमध्ये प्रयोगशाळा काढली. त्याने आणि चार्ल्स टेंटरने प्रकाशाच्या किरणावरून आवाज पाठवून दाखवला. त्या प्रयोगशाळेत एडिसनच्या फोनोग्राफमध्ये सुधारणा झाली. पत्र्याच्या पातळ वर्खाऐवजी मेणावर आवाज कोरायची पद्धत आली आणि घरी बसून रेकॉर्ड ऐकण्याचा रस्ता सोपा झाला. आज आपण कपाटात जो ॲम्प्लिफायर ठेवतो, त्याच्या पणजोबांमध्ये हेही यंत्र धरायला हरकत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचं होतं ऑडिओमीटर. तारेची दोन वेटोळी घ्यायची. एकात सतत आवाज निर्माण करणारी वीज सोडायची, दुसरं टेलिफोनच्या रिसीव्हरला जोडायचं. दोन्ही जवळ असली की आवाज मोठा, लांब सरकवत नेली की लहान. ज्या अंतरावर समोरच्याला आवाज यायचा बंद होतो, ते त्याच्या ऐकण्याचं माप. बेलने असं उपकरण घेऊन शाळकरी मुलांचे कान तपासले. ज्यांना मास्तर मंद समजत होते, त्यांच्यातल्या काहींना मुळात नीट ऐकूच येत नव्हतं.

आवाज किती आहे, हा प्रश्न इथे ऐकणाऱ्याच्या बाजूने विचारला गेला होता.

उकाडा, बर्फ आणि रिकामा तलाव

बेल अंगाने भारदस्त होता आणि उन्हाळा त्याला अजिबात सोसायचा नाही. वॉशिंग्टनच्या दमट उकाड्याला कंटाळून १८८० च्या दशकात त्याने कॅनडात नोव्हा स्कॉशियामध्ये बॅडेक गावाजवळ जागा घेतली आणि पुढे मोठं घर बांधलं. कधी उन्हाळ्यात वॉशिंग्टनला राहावं लागलं तर काय, यासाठी त्याने एक प्रयोग केला. त्याची हकिकत १९१७ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकात छापून आली.

त्याचा विचार साधा होता. थंड हवा जड असते, ती खाली बसते. आपण खोली गार करतो आणि खालच्या फटींमधून गार हवा वाहून जाते. मग पाण्याच्या टाकीसारखी, खालून कुठेच न गळणारी जागा हवी. त्याच्या घराच्या तळघरात पोहण्याचा तलाव होता. त्याने तो रिकामा केला, वरच्या पातळीवर मीठ घातलेल्या बर्फाची पेटी ठेवली आणि नळीतून थंड हवा तलावात सोडली. तलाव गार हवेने भरला. बाहेर शहर घामाघूम झालेलं असताना बेल तलावाच्या तळाशी बसून निवांत काम करू लागला.

याच माणसाने आपल्या अभ्यासिकेत मात्र टेलिफोन ठेवू दिला नाही. कामात घंटी वाजलेली त्याला चालायची नाही.

जिथे बेल चुकला

इथवर गोष्ट गोड आहे. पण कर्णबधिर समाजात आजही बेलचं नाव घेतलं की अनेकांच्या कपाळावर आठ्या येतात, आणि त्याला कारण आहे.

कर्णबधिर मुलांनी खुणांची भाषा सोडून बोलायला आणि ओठ वाचायलाच शिकावं, असं बेलचं ठाम मत होतं. स्वतःला खुणांची भाषा उत्तम येत असूनही त्याने ती शाळांमधून बाहेर काढायचा आग्रह धरला. १८८३ मध्ये त्याने अमेरिकेच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध मांडला. कर्णबधिर माणसं आपापसात लग्नं करत राहिली तर माणसांचा एक कर्णबधिर प्रकारच तयार होईल, अशी भीती त्यात होती. कायद्याने लग्नबंदी करणं त्याला योग्य वाटलं नाही. पण या मुलांना एकत्र ठेवणाऱ्या निवासी शाळा, खुणांची भाषा आणि कर्णबधिर शिक्षक हे सगळं कमी करावं, असं त्याने सुचवलं. माणसांची पैदास सुधारण्याच्या त्या काळातल्या चळवळीतही तो होता. १९२१ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं मानाचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं.

अमेरिकेतल्या कर्णबधिरांनी याला विरोध केला. १८८० मध्ये त्यांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना उभी केली होती. आपली भाषा पुसली जाईल या भीतीने या संघटनेच्या जॉर्ज व्हेडिट्झ यांनी १९१३ मध्ये खुणांच्या भाषेतलं भाषण चक्क फिल्मवर जपून ठेवलं.

बेलचा हेतू वाईट नव्हता. हेलन केलर लहान असताना तिचे वडील तिला घेऊन बेलकडेच आले होते. त्याने त्यांना योग्य संस्थेचा पत्ता दिला, म्हणून ॲन सलिव्हन तिची शिक्षिका झाली. हेलनने पुढे आपलं आत्मचरित्र बेललाच अर्पण केलं. पण मेबलला जे जमलं ते सगळ्यांना जमलंच पाहिजे, असं त्याने धरून चाललं. मेबलचं ऐकणं पाचव्या वर्षी गेलं, तोवर ती बोलायला शिकलेली होती. जन्मापासून न ऐकलेल्या मुलाची गोष्ट वेगळी असते. समोरच्या एका माणसाला काय कळतं, यापासून सुरुवात केली तेव्हा बेलच्या हातून मोठी कामं झाली. आईचं कपाळ असो की ऑडिओमीटर. सगळ्यांच्या वतीने त्यानेच ठरवलं, तेव्हा नुकसान झालं, आणि ते मुलांच्या पिढ्यांनी सोसलं.

एक मिनिटाची शांतता

बेलचा मृत्यू २ ऑगस्ट १९२२ ला बॅडेकजवळच्या त्याच घरी झाला. दोन दिवसांनी अंत्यसंस्कार झाले, तेव्हा त्याला मान म्हणून उत्तर अमेरिकेतली टेलिफोन सेवा एक मिनिट बंद ठेवण्यात आली. पाच महिन्यांनी, जानेवारी १९२३ मध्ये, मेबलही गेली.

डेसिबल हा शब्द बेलने कधी ऐकला नाही. तो नंतर आला. टेलिफोनची तार जितकी लांब तितका आवाज बारीक होत जातो. किती बारीक झाला, हे मोजायला कंपनीचे इंजिनियर आधी मैलांचं माप वापरायचे. म्हणजे ठरावीक प्रकारच्या एक मैल तारेत जेवढा आवाज घटेल तेवढा. १९२० च्या दशकात त्याऐवजी गणिताने बांधलेलं माप आलं आणि १९२८ मध्ये त्याला बेलचं नाव मिळालं. मूळ एकक बेल, त्याचा दहावा भाग डेसिबल.

हे माप साध्या बेरजेने चालत नाही. कारण आपला कान अफाट आहे. जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि कान दुखवणारा आवाज यांच्या ताकदीत एकास एक लाख कोटी इतका फरक असतो. एवढी शून्यं कोण लिहीत बसणार? म्हणून प्रत्येक १० डेसिबलला ताकद दहापट, अशी पायरी धरली. तो लाख कोटींचा पसारा मग ० ते १२० मध्ये बसतो. शून्य डेसिबल म्हणजे आवाजच नाही असं नव्हे. चांगल्या कानाला जिथे आवाज ऐकू यायला सुरुवात होते, ती जागा म्हणजे शून्य.

आता तो फॅन घेऊ

तर १८ आणि २४ मध्ये फरक किती? सहा डेसिबल म्हणजे ताकद चौपट. कानाला ती चौपट वाटत नाही, साधारण दीडपट वाटते. पूर्ण १० डेसिबल वाढले की आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. अंदाजासाठी सांगायचं तर आपल्याकडच्या नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शांत खोलीत, रात्री, गाण्यातल्या दोन ओळींमधली शांतता ऐकायची असेल तर फॅन त्याच्या बराच खाली हवा. आपल्या बसायच्या जागी २० च्या आसपास किंवा कमी असेल तर उत्तम.

आकड्यापुढे कंसात ए असेल, तर तो माणसाच्या कानाच्या सवयीप्रमाणे दुरुस्त केलेला आकडा आहे. बारीक आवाजात खर्ज आपल्याला कमी ऐकू येतो, ते त्यात धरलेलं असतं. आकडा किती अंतरावरून मोजला तेही पाहा, बहुतेकदा ते एक मीटर असतं. शिवाय ही मोजणी फॅन मोकळा ठेवून होते. पात्यांना खेटून जाळी किंवा फळी आली की खरा आवाज वाढतो.

गती हा सगळ्यात मोठा मुद्दा. फॅनची गती निम्मी केली की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दोन सारखे फॅन एकत्र चालले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. हिशोब करा. एक फॅन पूर्ण गतीने चालवण्याऐवजी दोन फॅन निम्म्या गतीने चालवले, तर हवा जवळपास तेवढीच मिळते आणि आवाज साधारण १२ डेसिबलने कमी. म्हणून ८० मिलिमीटरच्या फॅनपेक्षा १२० मिलिमीटरचा मोठा फॅन घ्या आणि तो सावकाश फिरवा. १२ व्होल्टचा फॅन ७ व्होल्टवर चालवणं हा त्यासाठीचा सोपा उपाय. फार कमी व्होल्टवर मात्र काही फॅन सुरूच होत नाहीत, ते आधी तपासा.

फॅन कुठे लावायचा, याचं उत्तर बेलच्या तलावात आहे. गार हवा खाली बसते, गरम हवा वर जाते. कपाटात खालून हवा आत येऊ द्या आणि फॅन मागे वरच्या बाजूला, हवा बाहेर फेकेल असा लावा. ॲम्प्लिफायरवर वरून हवा मारली तर फॅन वर येणाऱ्या गरम हवेशीच भांडत बसतो. ॲम्प्लिफायरचं झाकण उघडून आत फॅन बसवायच्या फंदात पडू नका. शॉकचा धोका असतो आणि वॉरंटीही जाते.

आणि तो मेलेल्या माणसाचा कान आठवतोय? पातळ पडदा हलला की त्याला जोडलेलं सगळं हलतं. कपाटाची मागची पातळ प्लायवूडची फळीही तसाच पडदा आहे. फॅन तिच्यावर स्क्रूने घट्ट आवळला तर मोटरची थरथर फळीत उतरते आणि अख्खं कपाट स्पीकरसारखं घुमायला लागतं. मध्ये रबराच्या पिना किंवा वॉशर घाला. कपाटावर तळहात ठेवून पाहा. हाताला थरथर लागत असेल तर ती कानालाही लागणार.

बेअरिंगही बघून घ्या. साध्या स्लीव्ह बेअरिंगचा फॅन सुरुवातीला शांत असतो, पण गरम जागेत आणि आडवा बसवला तर लवकर झिजून कुरकुरतो. बॉल बेअरिंग जास्त टिकतं, मात्र त्याला थोडा स्वतःचा आवाज असतो. तेलाच्या थरावर फिरणारं फ्लुइड बेअरिंग थोडं महाग, पण घरच्या ऑडिओसाठी बहुतेकदा तेच बरं.

एवढी खटपट कशाला, असं वाटेल. ॲम्प्लिफायरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेला फार हळवे असतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इंजिनियर लोकांचा ठोकताळा आहे. हजारो रुपयांचं यंत्र काही शे रुपयांच्या फॅनने वाचत असेल तर तो लावायलाच हवा.

शेवटी एक गोष्ट खोक्यावर छापलेली नसते. २० डेसिबलची सरसर आणि २० डेसिबलची एकसुरी शिट्टी या दोन्हींचा आकडा सारखाच, पण पहिली पाच मिनिटांत विसरायला होते आणि दुसरी रात्रभर डोकं उठवते. त्यामुळे फॅन लावल्यावर टीव्ही बंद करा, घरातला सीलिंग फॅनही दोन मिनिटं थांबवा आणि जिथे रोज बसता तिथे बसून ऐका. घरातल्या दुसऱ्या कोणालाही ऐकायला लावा, विशेषतः लहान मुलांना. उंच पट्टीतले आवाज त्यांना आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतात. त्यांनी तोंड वाकडं केलं, तर खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, तो फॅन बदला.